फ्राऊबाई

जर्मन भाषेत ‘फ्राऊ’ म्हणजे बाई. म्हणजे ‘फ्राऊबाई’चा अर्थ ‘बाईबाई’ असा होतो. रहाटणीतल्या त्या शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत कुणीही त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. नाव मुलांनी ठेवलेलं आणि मुलांनीच रुजवलेलं. बाईंना ते मनापासून आवडायचं. “दोनदा बाई म्हणत्यात, म्हंजी मान बी दोनदा,” असं त्या म्हणायच्या.

नव्या आठवीच्या वर्गावर त्या पहिल्या दिवशी जात, तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक नसे. भाजीची पिशवी असे. कांदे, बटाटे, काकडी, असेल तो हंगामी माल टेबलावर मांडायचा आणि थेट जर्मनमध्ये बोलायला लागायचं. तास संपेपर्यंत मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. पहिल्या बाकावरची एखादी मुलगी रडवेली होऊन म्हणायची, “बाई, आम्हाला काहीच कळत नाहीये.” बाई हसून तिच्या हातात बटाटा ठेवायच्या आणि म्हणायच्या, “कार्टोफेल.” ती पुटपुटायची, “कार्टोफेल.” “गूट!” म्हणजे ‘छान!’ म्हणून बाई असं काही कौतुकानं बघायच्या, की जणू पोरीनं कीर्तन केलंय. घंटा होईपर्यंत अख्खा वर्ग भाजीबाजार झालेला असायचा.

मी या बाईंच्या हाताखाली शिक्षिका व्हायला शिकले. बी.एड.ला माझा विषय जर्मन होता आणि शाळेतल्या सरावासाठी कॉलेजनं मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. माझे वडील लातूरकडून येऊन भोसरीत लेथ मशीनवर उभे राहिलेले. जर्मन शिकलेली पोरगी कंपनीत दुभाषी होईल, एसीत बसेल, एवढंच त्यांचं म्हणणं. मी शाळेत शिकवणार म्हटल्यावर त्यांनी जेवता जेवता विचारलं, “एवढी परदेशाची भाषा शिकून शेवटी खडूच धरायचा काय गं?” खरं सांगायचं तर मलाही ते नीट माहीत नव्हतं.

माझा पहिला पाठ मी झकास घेतला, असं मला वाटलं होतं. फळ्यावर रंगीत खडूंनी तक्ता काढला, व्याकरणाचे नियम समजावले, उदाहरणं दिली, घाम पुसला. बाई शेवटच्या बाकावर बसून बघत होत्या. तास संपल्यावर शिक्षकखोलीत त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. वर्गात त्या अगदी पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलत. शिक्षकखोलीत आल्या की पायातल्या चपलेबरोबर तीही काढून ठेवत.

“लई छान बोललीस,” त्या म्हणाल्या. “आन् पोरांनी काय केलं?”

“ऐकलं, बाई.”

“भाषा तुला यायची हाय, का पोरांना?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे खडूच दिला नाही. “खडूबिगर शिकव,” म्हणाल्या. मी शिकवलं. हातवारे करून, उड्या मारून, खिडकी उघडून आणि बंद करून. पोरं हसली, पण त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्याशी जर्मनमध्ये दोन शब्द बोलली.

प्रश्न विचारून थांबणं ही बाईंची खास कला. मला ते जमायचं नाही. कुणी उत्तर दिलं नाही, की माझा जीव वरखाली व्हायचा आणि मीच उत्तर देऊन टाकायची. बाई मात्र प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या, जशा काही बसची वाट बघतायत. वर्गात शांतता पसरायची, मुलं एकमेकांकडे बघायची आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यातून एक हात हळूच वर यायचा. मी एकदा विचारलं, “बाई, तुम्हाला भीती नाही वाटत कुणीच बोललं नाही तर?” त्या म्हणाल्या, “उत्तराला यायला येळ द्यावा, पोरी. चाकणच्या चौकातल्या गर्दीतनं यायचं असतंय त्याला.”

मराठी त्या वर्गात अगदी मिठाएवढी वापरत, पण वापरत तेव्हा नेमकी. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि तीन लिंगांचे, नामाआधी लागणारे तीन शब्द मुलांना छळतात. बाईंनी टेबलावर चमचा, सुरी आणि ताट ठेवलं.

“चमचा?”

“तो!” वर्ग ओरडला.

“सुरी?”

“ती!”

“ताट?”

“ते!”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” बाईंनी विचारलं. कुणालाच आठवेना. “इंग्रज माणूस जर्मन शिकताना इथंच डोकं धरून बसतो. तुम्ही मात्र ही खोड घरूनच घेऊन आलाय.” मग त्यांनी तिन्ही वस्तूंची जर्मन नावं आणि त्यांची लिंगं सांगितली. चमचा सोडला तर ती मराठीशी जुळत नव्हती, पण आता कुणाला त्याचा राग येत नव्हता. एका मुलीनं फक्त विचारलं, “पण बाई, जर्मनमध्ये मुलगी ‘ते’ कशी?” बाई म्हणाल्या, “आमच्या गावाला पोरगी असली तरी ‘ते लेकरू’च म्हणतात. चालतं की.”

बाईंचं गाव म्हणजे महाळुंगे. आज तिथं कारखान्यांच्या भिंतींमधून रस्ता जातो; बाई लहान असताना त्या भिंतींच्या जागी ज्वारी, कांदा असायचा. कंपन्या यायला लागल्या तेव्हा एक जर्मन साहेब जागा बघायला आला आणि उन्हाचा त्यांच्या ओट्यावर टेकला. वडिलांनी खुर्ची दिली, आईनं तांब्या दिला, गूळ दिला. तो काहीतरी बोलत राहिला, ही माणसं हसत राहिली. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. “दारात आलेल्या माणसाशी बोलता येईना,” त्या सांगायच्या. “तो गेल्यावर आमचा बा म्हणला, काय ईचारत असंल गं त्यो? तेवढ्यापायी मी पुण्याला जाऊन जर्मन शिकले.”

शिकल्यावर त्या एका कारखान्यात दुभाषी झाल्या. चांगला पगार, न्यायला-आणायला गाडी. तरी काही वर्षांनी नोकरी सोडून त्यांनी बी.एड. केलं. घरचे चिडले, गावानं नावं ठेवली. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दिवसभर तोंड माझं आन् शब्द दुसऱ्याचे. घरी आलं की वाटायचं, आज मी बोलले का न्हाईच?” हे ऐकलं त्या संध्याकाळी मी वडिलांना ती गोष्ट सांगितली. त्यानंतर खडूचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझा सराव अर्ध्यावर आला असेल तेव्हा दोन संकटं एकदमच आली. पालकांमध्ये संस्कृतचं वारं होतं, कारण संस्कृतला मार्क पडतात. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून सांगितलं, की पुढच्या आठवीला पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर जर्मन बंद करावं लागेल. शनिवारी सातवीच्या पालकांची सभा ठेवली आहे, तिथं काय ते बोला. आणि त्याच आठवड्यात बाईंचा आवाज गेला. आधी नुसता बसला होता, मग पार फुंकर उरली. डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज असल्याचं सांगितलं आणि महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, अशी ताकीद दिली.

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. सभेत मी बोलायचं.

मी भाषण तयार केलं. जर्मन आल्यावर कुठं कुठं नोकऱ्या मिळतात, परदेशी शिक्षण, आपला औद्योगिक पट्टा वगैरे. बाईंसमोर म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. आडवी. मी म्हटलं, “मग काय बोलू?” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, त्या स्वतःच्या आवाजाबद्दल सांगताहेत.

शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर पालक आले. कुणी कंपनीच्या गणवेशातच, कुणी पिशवी घेऊन मंडईतून परस्पर. बाई शेवटच्या बाकावर, नववीच्या काही मुलांना घेऊन बसल्या होत्या. मी ठरवलेलं भाषण सुरू केलं. पाच-सहा वाक्यं झाली असतील, तर एक गृहस्थ उठले. खिशावर कंपनीचं नाव, बाजूला सातवीतली मुलगी.

“मॅडम, राग मानू नका,” ते म्हणाले. “आमच्या कंपनीत समदी मशिनं जर्मनच हायेत. साहेबलोक येत्यात-जात्यात. मला त्यांची भाषा न्हाई येत, तरी मशीन चालतंच की. संस्कृतला मार्क पडत्यात म्हणं. मग पोरीनं ह्ये कशाला शिकायचं?”

बरीच डोकी हलली. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी तळहात हळूच खाली केला. गाडीला थांबा म्हणतात तसा. मग मला कळलं, ओठांवरचं ते बोट माझ्यासाठी होतं.

मी कागद ठेवला आणि त्या गृहस्थांच्या बाकापाशी गेले. छातीवर हात ठेवून म्हटलं, “इश हाइसं अश्विनी.” मग हात त्यांच्याकडे करून विचारलं, “वी हाइसन झी?”

ते बावरले. इकडेतिकडे बघायला लागले. नववीची मुलं उत्तर सांगायला चुळबुळत होती, बाईंनी त्यांना नजरेनंच बसवलं. मी पुन्हा एकदा तेच म्हटलं, तेच विचारलं आणि थांबले. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. मी खिडकीबाहेर बघत थांबले.

“इश...” ते म्हणाले. “इश हाइसं... ज्ञानेश्वर.”

नववीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरभाऊ मात्र हसले नाहीत. ते तसेच उभे होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “आमच्या लायनीवर एक म्हातारा जर्मन साहेब यायचा. आला की माझ्याम्होरं थांबून ह्येच म्हणायचा. ह्येच शब्द. मी आपली मान हालवायचो. म्हंजी त्यो माझं नाव ईचारत हुता व्हय?”

मी हो म्हटलं. ते खाली बसले. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “हिला घाला जर्मनला.”

त्यानंतर सभा माझ्या हातात राहिलीच नाही. मंडईतून आलेल्या एका बाईंच्या पिशवीतला टोमॅटो उचलून मी त्यांना जर्मनमध्ये विचारलं, हे काय आहे? त्या पदर सावरत म्हणाल्या, “टमाटं. आन् काय?” नववीची मुलं एका सुरात ओरडली, “रिख्टिश!” म्हणजे बरोबर. जर्मन उच्चार जवळपास तोच आहे. त्या बाई इतक्या लाजल्या आणि इतक्या खूश झाल्या, की शेजारणींना तिथल्या तिथं शिकवायला लागल्या. शेवटच्या बाकावर फ्राऊबाई आवाज न करता हसत होत्या, गदगदून.

सगळ्यांनी काही जर्मन घेतलं नाही. बरेच पालक संस्कृतच लिहून गेले आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नाही. पण वर्ग चालण्याइतकी मुलं झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “चालू द्या.” बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याही ओशाळल्या.

महिन्याभरानं आवाज परत आला, पण जुना नाही. खोल, घोगरा, जरा अंतरावरून ऐकू न येणारा. मला फार वाईट वाटलं. बाईंना नाही. “आता पोरं पुढं वाकून ऐकत्यात,” त्या म्हणाल्या. माझा सराव संपला तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला तिथंच राहण्याबद्दल विचारलं. मला तेच हवं होतं. पण माण गावातल्या एका शाळेत जर्मन नव्यानंच सुरू होणार होतं, तिथलेही मला बोलावत होते. बाई म्हणाल्या, “तिकडं जा. हितं मी हाय अजून. आन् हितं राहिलीस, तर पोरं तुज्यात मलाच हुडकतील.”

जाण्याआधी त्यांनी मला महाळुंग्याला जेवायला नेलं. पिठलं, भाकरी, ठेचा. त्यांच्या आईनं मला न्याहाळून विचारलं, “तू बी ती भाषा बोलतीस व्हय? आमची बोलाया लागली की मला काय बी उमगत न्हाई. पर ती खुशीत हाय, येवढं कळतं.”

बाई मला थांब्यावर सोडायला आल्या. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या. तिथं उभ्या उभ्या त्या अचानक जर्मनमध्ये म्हणाल्या, आजपासून मला ‘डू’ म्हणत जा.

हे समजावून सांगायला हवं. जर्मनमध्ये आदरानं बोलायचं तर ‘झी’ म्हणतात, आणि जवळच्याला ‘डू’, म्हणजे तू. लहानानं मोठ्याला आपणहून ‘डू’ म्हणायचं नसतं. मोठ्यानं तसं सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की ते कायमचं असतं. आम्ही जर्मनमध्ये बोलायचो तेव्हा बाई मलाही ‘झी’च म्हणत. सहकारी शिक्षिकेला म्हणतात तसं. माझ्या आईपेक्षा मोठी बाई, तिला तू कसं म्हणायचं?

बस आली. मी चढले, खिडकीशी बसले. बाई खालून त्या घोगऱ्या आवाजात जर्मनमध्ये म्हणाल्या, “नीट जा. आनंदात आहेस ना?”

मी हो म्हटलं. गाडी हलायला लागली होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

“उंड डू?” मी ओरडून विचारलं. आणि तू?

बाई बसबरोबर चार पावलं चालल्या. मग थांबून, हात वर करून म्हणाल्या, “गूट! लई गूट!”