झिंज्या

आज सिस्टरने टोपी काढायला पंधरा मिनिटं लावली, देव त्या पोरीचं भलं करो. केमोत केस टिकावेत म्हणून डोक्यावर बर्फासारखी गार टोपी आवळून बांधतात. सुरुवातीला कुणी कवटीत दगड घालतंय असं वाटतं. औषध संपतं तोवर केस टोपीला गोठून चिकटलेले असतात.

"ओढून काढा की, सिस्टर," मी म्हटलं.

"ओढली तर केस हातात येतील, मावशी. जरा वितळू द्या."

आमच्या घरी केसांना केस कुणी म्हणतच नसे. 'झिंज्या उपटून हातात देईन,' हेच ऐकत वाढले. सातवीत होते तेव्हा लग्न ठरलं म्हणून बापाने वेणी धरून वर्गातून फरफटत नेलं. पुढे नवऱ्याने तीच वेणी मनगटाला गुंडाळून भिंतीवर आपटलं. तेव्हा वाटायचं, कापूनच टाकावी, धरायला काही उरायला नको. आणि आता गावापासून इतक्या लांब येऊन तिच्यासाठीच हे दगड खाते, रोज उठल्या उठल्या धसक्याने उशी चाचपते. एवढ्या मारात जी टिकली, ती औषधाने जाऊ नये.

सिस्टर दोन बोटांनी एकेक बट सोडवत होती. माझी मान सवयीने ताठ झालेली.

"दुखतंय का?"

"नाही. तुम्ही ओढाल म्हणून वाट बघतेय."

"ओढणारच नाही, मावशी."

मग हळूहळू मी मान तिच्या हातात सोडली.