आडवं पडून बघितलेली साडी

साऱ्या म्हैसुरात आरशासमोर उभं राहून कपडे पसंत करणाऱ्या बायका हजारोंनी असतील. पण दिवाणावर उताणं पडून, डोळे मिटून, दोन्ही हात अंगालगत सरळ ठेवून साडी पसंत करणारी बाई एकच, आणि ती माझी चुलत सासू. आम्ही त्यांना काकी म्हणतो. जयलक्ष्मीपुरमच्या जुन्या घरात त्या आणि त्यांची थोरली जाऊ, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, अशा दोघीच राहत. दोघींचे नवरे जाऊन जमाना झाला होता. मुलंबाळं दोघींनाही नाहीत, म्हणून ऑफिसातून सुटल्यावर त्यांच्याकडे डोकावून जायचं काम माझ्याकडे. औषधं, गॅस, विजेचं बिल, डॉक्टरची तारीख यांची माझी यादी ठरलेली असते. मी यादीशिवाय कोथिंबीरही आणत नाही. त्या यादीत ‘काकींचा फोटो काढणे’ हे कलम कधी शिरलं ते मात्र नीट आठवत नाही.

काकींना दुकानांचा राग होता. गुडघे दुखायला लागण्याच्याही आधीपासून होता. दुकानाच्या पायरीवर त्यांचं पांढरं डोकं दिसलं की गादीवरचा माणूस न विचारता राखी, बिस्किटी आणि मातकट रंगांचे ढीग उपसायचा आणि म्हणायचा, ‘‘अम्मा, निम्म वयस्सिगे इदे सरि,’’ म्हणजे तुमच्या वयाला हेच योग्य. काकी परत येऊन पर्स दिवाणावर आपटायच्या. ‘‘अय्यो, माझं वय त्याला कुणी विचारलं होतं? मी साडी विचारली होती!’’ त्यामुळे माझ्या यजमानांनी त्यांना मोबाइलवर खरेदी कशी करतात ते शिकवलं, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासली. ‘‘ह्याला माझे केस दिसतात का रे?’’ नाही म्हटल्यावर त्या हसल्या आणि त्या दिवसापासून जो मोबाइल हातात धरला तो जेवतानाच खाली ठेवायच्या.

त्यांची पारख करण्याची पद्धत स्वतःची होती. कापड बघायच्या आधी त्या फोटोतल्या मुलीचं तोंड बघत. ‘‘हिला स्वतःलाच आवडलेलं नाही, बघ, कशी उभी आहे,’’ असं म्हणून चांगल्या चांगल्या साड्या अंगठ्याने पुढे ढकलत. खाली ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना ‘आईसाठी घेतली’ असं असेल तर दोनदा वाचत. ‘सासूसाठी घेतली, फार सुंदर’ असं असेल तर वाचतच नसत. ‘‘तिला कुठे नेसायचीय!’’ रात्रीचे गाऊन बघताना तर त्यांच्या अटींपुढे मी हात टेकले. बाही कोपराखाली हवी, कारण दंडाची कातडी लोंबते. बटणं पुढून हवीत, कारण उजवा खांदा वर जात नाही. चष्म्यासाठी खिसा हवा. गळा उघडा नको, पण ‘भजनाला निघाल्यासारखा’ बंदही नको. आणि हे सगळं पेन्शनीत बसायला हवं. मी अटी एकाखाली एक लिहून दाखवल्या. काकींनी त्या वाचल्या आणि म्हणाल्या, ‘‘एक राहिली. आडवं पडल्यावर चांगलं दिसायला हवं.’’ मी म्हटलं, साहजिक आहे, गाऊन झोपतानाच घालायचा. ‘‘गाऊनचं नाही गं,’’ काकी म्हणाल्या, ‘‘साडीचं बोलतेय. शेवटच्या.’’

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आमचे पूर्वज घोड्यांवरून इकडे आले, म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत चाकरीला राहिले. घोडे गेले, मराठीतही अर्धं कन्नड मिसळलं, पण काही रीती तेवढ्या घट्ट राहिल्या. बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरहून येते. सवाष्ण असेल तर हिरवी, विधवा असेल तर पांढरी. पण आणणार माहेरचा माणूस. काकींचं माहेर शिमोग्याकडचं. भाऊ गेले, घर विकलं, भाचा परदेशात, तो फोन उचलत नाही. ‘‘माहेराला कुलूप लागलं असतं तरी चाललं असतं,’’ काकी म्हणायच्या, ‘‘आता दारच नाही.’’ माहेरचं कुणी नसलं की घरातलंच कुणीतरी पायताणं चढवून जातं आणि पांढरं कापड फाडून आणतं. काकींनी आपल्या सख्ख्या मावशीला तसं बघितलं होतं. घाईत आणलेलं खळीचं कापड, घड्या तशाच, आणि बरोबर छातीवर गिरणीचा निळा शिक्का. ‘‘पोस्टाच्या पार्सलासारखी गेली बिचारी. मी नाही जाणार तशी. माझं माहेर आता ह्याच्यात,’’ असं म्हणून त्यांनी मोबाइलवर बोट आपटलं. ‘‘ह्याच्यातून येईल माझी साडी. आणि पांढरी नाही येणार.’’

रंग जांभळा, हे ठरलेलं होतं. लग्नाआधी वडिलांनी त्या रंगाचं परकर-पोलकं शिवलं होतं, त्यानंतर तो अंगाला लागला नाही. अडचण किमतीची होती. एकदाच नेसायची तर स्वस्त हवी, पण शेवटची, तर बरी हवी. या दोन टोकांमध्ये काकी महिनोन्‌महिने अडकल्या. त्यात पॉलिस्टर नको. ते जळताना चिकटतं, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. एका साडीच्या कापडाची खात्री करायला त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. मी समोर बसले होते. तिकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, ‘‘ऑकेजन काय आहे मॅडम?’’

‘‘फ्युनरल.’’

‘‘सो सॉरी मॅडम. कुणाचं?’’

‘‘माझं.’’

तिकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी तितक्याच गोडपणे म्हणाली, ‘‘डिलिव्हरी केव्हापर्यंत हवी मॅडम?’’ काकींना ती पोरगी इतकी आवडली की त्यांनी ती साडी मागवलीच.

साडी आली की चाचणी व्हायची. काकी ती सैलसर गुंडाळून दिवाणावर पडत, डोळे मिटत, आणि मी स्टुलावर चढून वरून फोटो काढायचा. ‘‘लोक वरूनच बघणार ना?’’ फोटो निघाला की त्या उठून बसत, चष्मा लावत आणि एक डोळा बारीक करून निकाल देत. पिस्ता रंग आला तेव्हा म्हणाल्या, ‘‘छी, यात मी मेल्यासारखी दिसते.’’

‘‘अहो काकी, पण तेव्हा तुम्ही...’’

‘‘म्हणून काय झालं? दिसायला कशाला हवं?’’

या सगळ्याला साक्षीदार अक्का. त्या खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून असत. अंगावर काडीएवढ्या काठाची पांढरी साडी, वैधव्य आल्यापासून तीच. तरुणपणी काकींनी एकदा निळी नेसायचं धाडस केलं तेव्हा ‘‘लोक काय म्हणतील गं’’ म्हणून बदलायला लावणाऱ्याही अक्काच. काकी दिवाणावर पडल्या की अक्का सुरू होत. ‘‘आली बघा आडवी नवरी. उठ, दिवेलागणीला असं पडू नये.’’ काकी डोळे मिटूनच उत्तर देत, ‘‘सुम्ने, गप बस अक्का, मी मेलेय.’’ ‘‘मेलीस तर बोलतेस कशी?’’ साडी परत न्यायला आलेल्या माणसाने एकदा विचारलं, नेसून बघितली होती का? अक्का आतूनच ओरडल्या, ‘‘नेसून नाही रे, मरून बघितली!’’ त्यानंतर तो माणूस फाटकाबाहेरूनच पार्सल घ्यायला लागला. दोघी अशा दिवसभर भांडत. कॉफीतल्या साखरेवरून, पंख्याच्या वेगावरून, देवघरातल्या फुलांवरून. अक्कांना तर माहेर असं नव्हतंच. आईबाप लहानपणी गेले, बन्नीमंटपाकडच्या एका चुलत्याने वाढवलं आणि लवकर उजवून मोकळा झाला. ‘‘तुझ्यासाठीपण बघू का गं एक?’’ काकी विचारायच्या. ‘‘मला काय, पांढरं फाडून आणा. मी कुठे आरशात बघायला जाणाराय,’’ म्हणून अक्का तोंड फिरवत.

आणि मग ती आली. पिकलेल्या जांभळाचा रंग, सुती, अंगाला बिलगणारी, काठाला बारीकशी जर. किंमत अशी की काकींनी ती दोनदा चष्मा पुसून बघितली. चाचणी झाली. काकींनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. चेहऱ्यावर रंगाची सावली पडली होती आणि गाल भरल्यासारखे दिसत होते. ‘‘अष्टे,’’ त्या म्हणाल्या. झालं, संपला शोध. मी साडीची घडी घालत होते तेव्हा अक्कांनी खुर्चीतून हात पुढे केला. मी पदर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बोटांनी नाही, अख्ख्या तळव्याने चाचपला, लहान मुलाचं कपाळ बघतात तसा. ‘‘मऊ आहे गं,’’ एवढंच म्हणाल्या आणि हात मागे घेतला. काकी तेव्हा मोबाइलवर अभिप्राय लिहीत होत्या. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

अक्का त्याच हिवाळ्यात गेल्या. काही गाजावाजा नाही. सकाळी काकी कॉफी घेऊन गेल्या तर हाकेला ओ नाही. काकींनी मला फोनवर सांगितलं, ‘‘ये. ती भांडत नाहीये.’’ मी गेले, डॉक्टर, फुलं, गाडी, सगळं एकामागून एक लावलं. नंजनगूडहून माझे थोरले चुलत दीर आले. घरातल्या रीती त्यांना पाठ, म्हणून अशा वेळी सगळे त्यांच्याकडे बघतात. येताना ते बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं कापड घेऊनच आले होते. अंघोळ घालून झाली. अक्का चटईवर निजल्या होत्या, फारच लहान दिसत होत्या. भाऊजींनी रीतीप्रमाणे विचारलं, ‘‘माहेरचं कोण आलंय?’’

कोण असणार? त्यांनी पुन्हा एकदा, जरा हळू, विचारलं आणि वर्तमानपत्र सोडवायला लागले. कापडाच्या कडेला निळा शिक्का होता. मी तो बघितला, काकींनीही बघितला.

‘‘थांबा,’’ काकी म्हणाल्या. भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि ती जांभळी साडी घेऊन आल्या. ‘‘माहेरची मी आहे.’’

‘‘काकी, तुम्ही सासरच्या. त्यांची जाऊ,’’ भाऊजी समजुतीने म्हणाले.

‘‘तिच्याशी रोज कोण भांडलं? सासरचे सगळे तिच्याशी गोड बोलले. चारचौघांत बरं दिसेल असं. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडावर खरं ते मी बोलले, आणि ती मला. ते माहेरचंच माणूस करतं. धरा तो पदर.’’

‘‘पण जांभळी? त्यांना रीतीने पांढरी...’’

‘‘पांढरी ती जिवंतपणी पुष्कळ नेसली.’’

भाऊजींनी पांढऱ्या कापडाची घडी पुन्हा वर्तमानपत्रात ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आम्ही दोघींनी साडी नेसवली. काकी निऱ्या घालत होत्या आणि पुटपुटत होत्या, ‘‘सरळ राहा गं, सरळ राहा.’’ झाल्यावर त्या पायांशी गेल्या. फोटोसाठी मी उभी राहायची तिथेच, फक्त स्टूल नव्हतं. वरून, एक डोळा बारीक करून त्यांनी अक्कांना बघितलं. चेहऱ्यावर तीच जांभळी सावली होती, गाल भरल्यासारखे दिसत होते.

‘‘बघ,’’ काकी मला म्हणाल्या, ‘‘मेल्यासारखी दिसत नाही.’’ आणि तिथेच खाली बसल्या.

दिवसकार्य झालं तसं घर फार गप्प झालं. काकी आता अक्कांच्या खुर्चीत बसतात. मोबाइल वाजतो, ‘तुमच्यासाठी नवे रंग’ म्हणून सांगतो, पण त्या बघत नाहीत. परवापरवापर्यंत कपाटातली राखी साडी नेसून बसल्या होत्या. मी ती जांभळी पुन्हा शोधली. ती आता मिळत नाही असं येतं. तिच्यासारख्या दुसऱ्या काढून काकींपुढे धरल्या. त्यांनी मुलींची तोंडंसुद्धा बघितली नाहीत. ‘‘होगली बिडु,’’ म्हणाल्या, जाऊ दे सोड. ‘‘मागवेन मी, पण त्या दिवशी आणली कुणी म्हणून सांगणार? तू आणलेली चालायची नाही. तू सासरची.’’

‘‘तुम्ही अक्कांची आणलीत ना?’’ मी म्हटलं. ‘‘मीही रोज येते की तुमच्याकडे.’’

‘‘येतेस. पण तू भांडत कुठे? तू यादी वाचतेस.’’

हे खरं आहे. गोळी घेतली का, गॅस बंद का, दार लावा. यापलीकडे मी त्या घरात काही बोललेलीच नव्हते. दुसऱ्या दिवशी यादी पर्समध्येच ठेवली आणि सांगितलं, ‘‘काकी, ह्या राखी साडीत तुम्ही अगदी भयंकर दिसता.’’ काकींनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘तुझ्या त्या चौकड्याच्या कुर्त्यापेक्षा बरी आहे,’’ त्या म्हणाल्या. मी कॉफीत साखर जास्त झाल्याचं म्हटलं, त्यांनी माझ्या स्वयंपाकाचा उद्धार केला. मी सवयीने गॅस बंद आहे का ते बघायला उठले. ‘‘ह्याला भांडण म्हणतात?’’ काकी म्हणाल्या. ‘‘अक्का असती तर आतापर्यंत रडवलं असतं तुला.’’

मी अजून शिकतेच आहे. ह्या कामावर माझा हात बसलेला नाही. पंख्यावरून थोडं जमतं, फुलांवरून मुळीच नाही. काल निघताना काकी खुर्चीतूनच म्हणाल्या, ‘‘उद्या लवकर ये. अजून पुष्कळ राहिलंय तुझं.’’ मी साडी मागवलेली नाही. आधी ती घेऊन माहेरची म्हणून उभं राहायचा हक्क मिळू दे. काकींकडे दिवस किती आहेत ते ठाऊक नाही, म्हणून एकही दिवस न चुकवता, ऑफिस सुटलं की सरळ त्यांच्याकडे जाते आणि भांडते.