वाजवून घेतलेलं हेल्मेट

मी कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय घरात आणत नाही. इथे ओमानात, आमच्या सहमच्या बाजारात नारळ घ्यायचा तर कानाशी धरून हलवते, कलिंगडावर टिचकी मारते. मत्रहच्या जुन्या बाजारात पितळी पातेलं घेतलं, तेव्हा ते दुकानदारासमोरच उलटं करून बोटाने वाजवलं होतं. तो पिढ्यानपिढ्या तिथेच धंदा करणारा गुजराती माणूस. हसून म्हणाला, "बहेनजी, ये गाना भी सुनाएगा क्या?" मी हसले नाही. गिऱ्हाइकाला हसवून माल खपवणारे मला चांगले ठाऊक आहेत.

नवऱ्याचं अगदी उलट. तो सोहारकडच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. वस्तूवर शिक्का असला, तारीख असली, की त्याचा जीव भांड्यात पडतो. मी म्हणते, शिक्का मारणारा पण माणूसच ना?

लेकीची बारावीची परीक्षा संपली आणि तिने बापाकडून जुनं वचन वसूल केलं. तिला पतंगावर स्वार व्हायचं होतं. म्हणजे असं, की पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला आभाळात खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग माणसाला समुद्रावरून ओढत नेतो. शाळेच्या सहलीत सूर गावाच्या पुढे किनाऱ्यावर कुठेतरी तिने हा प्रकार पाहिला होता आणि तेव्हापासून डोक्यात घेतला होता. मी वेंगुर्ल्याची, समुद्र मला नवा नाही. पण आमच्याकडे लोक समुद्रात जातात ते मासे आणायला. लटकायला कोणी जात नाही.

"आधी हेल्मेट," नवरा म्हणाला. "हेल्मेट नाही तर पतंग नाही."

लेकीने लगेच मोबाइल पुढे केला. "आई, हे बघ. दोन्हीला चालणारं हवं. पाणी पण आणि स्नो पण. म्हणजे बर्फ."

"बर्फ?" मी म्हटलं. बाहेर एसीची पेटी कण्हत होती. सहमला बर्फ मी फक्त मासळीबाजारात पाहिला आहे, सुरमईच्या खाली. "बर्फाचं काय करायचंय तुला?"

"काही नाही गं. इट्स लाइक... जास्त सेफ असतं."

हे सांगताना तिने मोबाइलवरून नजर वर केली नाही. आणि नवरा घाईघाईने म्हणाला, "बरोबर आहे तिचं. दोन शिक्के असलेले बरे." कुकरची शिटी बदलायची तरी चार जणांना विचारणारा हा माणूस. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मस्कतला खेळाच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे, तिथे गेलो. विकणारा मुलगा आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा, आणि भलताच गोड. मी आधीच सावध झाले. त्याने तीन-चार हेल्मेटं काढली. पहिलं मी हातात घेतलं तर कवचाला भोकं. "ये छेद किसलिए?" मी विचारलं.

"मॅडम, पानी निकलने के लिए. नहीं तो गिरते ही अंदर पानी भरेगा और गर्दन को झटका लगेगा."

मला ते पटलं, पण तसं दाखवलं नाही. दुसऱ्याला टोपीसारखी पुढे झडप होती. ते त्यानेच बाजूला ठेवलं, पाण्यावर आपटलं की झडप पाणी पकडते आणि मान मागे खेचली जाते म्हणाला. मी विचारलं, मऊ पाण्यात डोक्याला लागणार तरी काय? तर तो म्हणाला, स्वतःचीच फळी. माणूस पडतो, फळी सुटते, आणि लाटेबरोबर येऊन डोक्यात बसते. हे ऐकून मी लेकीकडे पाहिलं. लेक मात्र आरशात बघत होती.

नवऱ्याने आपली तपासणी सुरू केली. पट्टा न लावता मान खाली घाल म्हणाला, हेल्मेट पडता कामा नये. पडलं. सकाळीच मी तिच्या केसांना तेल लावलं होतं, त्यावरून ते सुळकन घसरलं. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी ते मुद्दामच लावलं होतं. मग वेणी खाली मानेशी घेतली, एक माप लहान केलं, तेव्हा कुठे बसलं. डोकं हलवलं तर कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे, हनुवटीखाली पट्टा आणि गळा यांत दोनच बोटं गेली पाहिजेत, हे सगळं त्याने करून पाहिलं. मग आतले शिक्के वाचले. एक पाण्याचा, एक बर्फाचा. "खलास," तो म्हणाला. "हेच."

मी ते बोटाने वाजवलं. बद्द आवाज आला. पण नारळाचा चांगला आवाज कसा असतो ते मला कळतं, हेल्मेटचा कसा असतो ते कोणाला कळतं?

घरी आल्यावर माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. लेक दार लोटून मैत्रिणीशी इंग्रजीत बोलायची, भराभर. माझ्या कानावर तुकडे पडायचे. विंटर. जॅकेट. डोंट टेल. मी चहा घेऊन आत गेले की लॅपटॉप मिटायचा. बापलेक गाडीत बोलत असायचे आणि मी बसले की गप्प व्हायचे. आधी वाटलं, मुलगा असणार, कुठल्यातरी थंड देशातला, पतंगवाला. खरं सांगायचं तर मुलगा असता तरी चाललं असतं. मला चीड येत होती ती वेगळ्याच गोष्टीची. या घरात मला सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत होतं.

आणि ते हेल्मेट कपाटावर बसून माझ्याकडे बघायचं.

एका दुपारी घरी कोणी नव्हतं. मी म्हटलं, माणसं खरं बोलत नाहीत तर निदान या वस्तूला तरी विचारू. स्वयंपाकघरातून मोठा शेंडीवाला नारळ घेतला, हेल्मेटमध्ये बसवला, मागच्या बाजूला जुनी ओढणी कोंबली आणि पट्टा आवळला. पट्ट्यातून दोन बोटं जातात का तेही पाहिलं. गच्चीवर गेले आणि दिलं सोडून खाली, अंगणातल्या फरशीवर.

धावत खाली आले. नारळ शाबूत. एकदा म्हणजे नशीब असू शकतं, म्हणून पुन्हा वर गेले, या वेळी पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढले आणि तिथून सोडलं. तरी नारळाला तडा नाही. काय सांगू, इतकं बरं वाटलं. या घरात निदान एक वस्तू तरी दिल्या शब्दाला जागली. कवचावर चरा उठला होता, तो तेलाच्या बोटाने पुसला. त्याच नारळाचं वाटण लावून रात्री बांगड्याचं तिखलं केलं आणि नवरा बोटं चाटत म्हणाला, आज नारळ चांगला मिळाला गो.

ठरल्या दिवशी आम्ही सूरच्या पुढच्या किनाऱ्यावर पोहोचलो. तिथे उन्हाळ्यात वारा थांबतच नाही. तोंडात वाळू, कानात वारा. शिकवणारा तरुण ओमानी होता, उन्हाने रापलेला, बऱ्यापैकी हिंदी बोलणारा. त्याने आधी पतंग नाही बघितला, फळी नाही बघितली. हेल्मेट मागून घेतलं. बाहेरून बघितलं, मग उलटं करून आतल्या फोमवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. त्याने तिथे दाबलं आणि माझ्या लेकीकडे पाहिलं.

"तुम गिरा था?"

"नो," लेक म्हणाली. "इट्स न्यू."

"नया है, लेकिन मार खाया है. इधर देखो, फोम बैठ गया. ये एक बार सर बचाता है, फिर खलास. ये पहन के पानी में नहीं."

नवऱ्याचा चेहरा कारखान्यातला झाला. "तू आधीच येऊन गेलीस का?" त्याने तिला विचारलं. "कोणाबरोबर? पडलीस कधी? आम्हाला का नाही सांगितलंस?"

"बाबा, नाही! आय स्वेअर. मी ते घातलं पण नाही."

"मग फोम आपोआप बसतो?"

तिचे डोळे भरून आले. आता सांगायलाच हवं म्हणून मी हेल्मेटकडे हात केला. एवढ्यात शिकवणाऱ्याने फोम आणि कवच यांच्या फटीत नख घातलं आणि एक तंतू ओढून काढला. तपकिरी, राठ. त्याने तो वाऱ्यात धरला. "ये क्या है?"

कोकणातल्या माणसाला काथ्या ओळखायला वेळ लागत नाही. नवऱ्याने तंतूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई?" लेक म्हणाली.

"नारळ फुटला नाही," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

नवरा आधी थिजला आणि मग हसत सुटला. शिकवणाऱ्यालाही त्याने हिंदीत सांगितलं, तोही हसला. लेक हसली नाही. ती रडत आणि चिडत म्हणाली, "आई, तू विचारायचं ना मला! तू नेहमी असं करते. आता मी तिकडे काय घालू?"

"तिकडे कुठे?"

तिने बापाकडे पाहिलं. नवऱ्याचं हसणं थांबलं.

"तिकडे कुठे गो?" मी पुन्हा विचारलं.

वाऱ्यात तिचा आवाज नीट पोहोचत नव्हता, तरी मला सगळं ऐकू आलं. कॅनडा. तिथलं कॉलेज. प्रवेश मिळालेला. तिथे गोठलेल्या तळ्यावर हाच पतंग बर्फावर चालवतात. "मी सांगणार होते. बट तू... तू प्रत्येक गोष्ट ठोकून बघते, आई. मला भीती वाटली."

आम्ही सगळे धरून चाललो होतो की ती पुण्याला जाईल, माझ्या बहिणीकडे राहील. निदान मी तरी धरून चालले होते. नवऱ्याला माहीत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. माझा संशय खरा ठरला होता, अगदी शंभर टक्के, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

शिकवणाऱ्याने आपल्याकडचं एक हेल्मेट आणून दिलं. पिवळं, खरवडलेलं, किती जणांच्या घामाचं कोण जाणे. एरवी मी ते हातातही घेतलं नसतं. लेकीने ते डोक्यावर चढवलं, पण तिला पट्टा लागेना. मी पुढे झाले, वेणी खाली घेतली, पट्टा लावला, हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहिली. तिने मान तशीच धरून ठेवली, लहानपणी बटणं लावून घेताना धरायची तशी.

मग ती पाण्यात गेली. उभी राहिली, पडली, फळी उसळून आली आणि खरंच हेल्मेटवर ठक्कन आपटली. किनाऱ्यावर माझा जीव गेला. ती डोकं झाडून पुन्हा उठली. त्या दुपारी ती कितीतरी वेळा पडली आणि दर वेळी उठली. तिथे मला काहीही वाजवून बघता येत नव्हतं. नुसतं बघत बसावं लागलं.

परतीच्या वाटेवर मस्कतला त्याच दुकानात थांबलो. तोच गोड मुलगा. लेक माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, आता साधं घेऊ. फक्त पाण्याचं. पुरे."

त्याने पाण्याचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. सवयीने माझं बोट वाकलं, ते मी परत घेतलं. हेल्मेट त्याच्यासमोर ठेवून दिलं.

"ये नहीं," मी म्हटलं. "बर्फवाला दिखाओ. दोनों में चलता है वो."

तो हसला. "मॅडम, ओमान में बर्फ किधर?"

"इधर नहीं," मी म्हटलं. "जिधर ये जा रही है, उधर."