माश्यांना सांगायचं राहिलं

तर ऑब्रीच्या तीनपैकी दोन मधपेट्या रिकाम्या झाल्या, इथवर काल मी सांगत आलो होतो आणि तिथंच मला डुलकी लागली.

आमच्या रानाकाठी रीत आहे. घरातलं माणूस गेलं की घरच्यानं दाराची किल्ली घेऊन पेटीवर तीनदा टकटक करायची आणि नाव घेऊन माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या निघून जातात, नाहीतर आतच मरतात. ऑब्री पर्किसची बायको मेव्हिस फेब्रुवारीत गेली. दफनाला पाद्री बोलला, मी बोललो. ऑब्री तोंडातून शब्द काढेना. तो शाळेपासून तसाच. मास्तरांनी एकदा कविता म्हणायला उभा केला, तर घंटा होईपर्यंत नुसता उभा राहिला. मास्तरच दमून खाली बसले. पुढं जन्मभर रानातली कुंपणं दुरुस्त केली. कुंपणाशी काय बोलायचं असतं?

ऑगस्टमध्ये मी म्हटलं, "सांग की त्यांना. तिसरी पेटीही जाईल."

"सांगितलं तर ती जाईल."

"कोण, पेटी?"

"मेव्हिस."

गोष्ट अशी, की मेव्हिसला पावाची कड आवडायची. सेहेचाळीस वर्षं ऑब्री मध लावून कड तिच्या बशीत ठेवायचा. ती गेल्यावरही ठेवतच राहिला आणि रोज सकाळी बशी रिकामी सापडायची.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर बशी पुसून ठेवत नाही, विल्फ."

मी हसलो खरा. पण एका दुपारी आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात बसलो असताना वरच्या खोलीच्या लाकडी जमिनीची फळी करकरली, कुणी पाय दिल्यासारखी. मग तिच्या पुढची. मग जिन्याजवळची. ऑब्रीनं मानही वर केली नाही. मी मात्र चहा अर्धा टाकून घरी आलो.

हेट्टी ब्रूमफील्ड आमच्याकडे फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते आणि गावातल्या चेटकिणींच्या मंडळाची पुजारीणही आहे. मंडळाच्या मेणबत्त्यांना मेण ऑब्रीचं. तिनं त्याला ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जेवायला बोलावलं. त्या संध्याकाळी म्हणे मेलेले जवळ येतात. ऑब्री एकटा जाईना, म्हणून मीही निघालो.

"कपडे काढावे लागतात का गं?" मी हेट्टीला आधीच विचारून घेतलं. चेटकिणी उघड्यानं नाचतात असं ऐकून होतो.

"तू काढलेस तर मेलेले परत जातील. स्वेटर घालून ये, गारठा आहे."

दिवस मावळताना आम्ही तिच्या सफरचंदाच्या बागेत पोचलो. मंडळातली सात माणसं. त्यांतला एक माझे दात काढणारा डॉक्टर, अंगावर लांब काळा झगा आणि पायांत गमबूट. हेट्टीनं केरसुणीनं गवत झाडलं, काळ्या मुठीच्या सुरीनं हवेत मोठं रिंगण आखलं, चारी दिशांना हाक मारली. आत चालायचं ते सूर्य फिरतो त्या बाजूनं. मी उलटा वळलो, तर दंतवैद्यानं बाही धरून सरळ केलं. मग एकेकानं मेणबत्ती पेटवून आपल्या मेलेल्याचं नाव घ्यायचं. त्यानंतर रिंगण मोडेपर्यंत कुणी बोलायचं नाही; जेवणही मुक्यानंच.

मी माझ्या आईचं नाव घेतलं. ऑब्रीची पाळी आली. स्वतःच्याच मेणाची मेणबत्ती हातात धरून तो उभा राहिला, अगदी शाळेत उभा होता तसा. हेट्टीनं वाट पाहिली आणि मानेनंच बसायची खूण केली. न पेटलेली मेणबत्ती घेऊन तो खाली बसला.

रिंगणात मांडलेल्या जेवणाच्या मेजाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी, तिच्यापुढं ताट. ती गेलेल्यांची. तिकडं कुणी बघायचं नाही, पण मी बघितलं. ऑब्रीनं पावाची कड कापली, मध लावला आणि त्या ताटात ठेवली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

सगळ्यांचं खाऊन झालं. अंधार पडला होता. तोंडातून वाफ निघत होती. कड जशीच्या तशी.

आणि अंधारातून एक मधमाशी आली.

मी जन्मभर या रानाकाठी राहिलोय. असल्या गारठ्यात, दिवस बुडाल्यावर मधमाशी उडत नाही. ती पावाच्या त्या कडेवर बसली आणि मधावरून सावकाश चालू लागली. मला त्या करकरणाऱ्या फळ्या आठवल्या. खिशातून किल्ली काढून ऑब्रीनं मेजावर तीनदा टकटक केली.

"मेव्हिस गेली," तो म्हणाला. "फेब्रुवारीत. मी सांगायला हवं होतं."

रिंगणातलं मौन ऑब्रीनं मोडलं होतं. पण कुणी त्याला अडवलं नाही. माशी थोडा वेळ थांबली, मग उडाली. कुठल्या बाजूला, ते दिसलं नाही. हेट्टीनं आपल्या मेणबत्तीनं ऑब्रीची पेटवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं किल्ली घेऊन तिन्ही पेट्यांना सांगितलं, रिकाम्या दोन्हींनासुद्धा. तिसरीतल्या माश्या हिवाळाभर टिकल्या. मार्चमध्ये त्या बाहेर पडताना आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहून बघत होतो. घरातून कसलाच आवाज येत नव्हता. शेवटी मी विचारलं, "आणि बशी?"

"कड सकाळी तशीच असते, विल्फ. तरी ठेवतो मी. पूर्वी जिन्यावर ती असल्याची भीती वाटायची, आता वाटत नाही. ती भीतीच बरी होती."