खडूने आखलेले वाफे

आमच्या शेजारची वहिनी घरी शिवणकाम करते. मागच्या अंगणात बाग करायची म्हणून तिने आधी वर्तमानपत्राचे वाफे कापले, जमिनीवर मांडून पाहिले आणि कडेने कापडावर आखायचा खडू फिरवला. शिलाईला सोडतात तशी दोन रोपांमध्ये जागा सोडली. वांगी, मिरच्या, मधे झेंडू. लावताना ती गुणगुणत होती.

नवऱ्याला मात्र तिथे मोटरसायकल लावायची होती. रविवारी त्याने सरळ वाफ्यांवर चाक घातलं. वहिनी आडवी आली, तर केस धरून तिला भिंतीवर आपटलं आणि वांग्याची रोपं बुटाने चिरडली.

"घाल आता टाके!" तो हसला.

वहिनीच्या भुवईतून रक्त गळत होतं. तिने फावडं उचलून त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला. दुसऱ्या घावाने मोटरसायकलचा दिवा फुटला.

"अगं, वेडी झालीस का?" तो मोटरसायकलपुढे हात धरत ओरडला.

"मधे हात आणू नका. तिसरा कुठे बसेल, माझं मला ठाऊक नाही."

तो सरपटत दारात गेला. विव्हळणाऱ्या लेकाला ओलांडून सासूबाई बाहेर आल्या आणि सुनेच्या भुवईवर ओला फडका दाबला.

"मिरच्यांची मुळं उघडी पडलीत," त्या म्हणाल्या. "आधी माती ओढ."