लाकडाच्या घराला दादा नाही म्हणाला

शामदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाईत एका शाळेच्या छपराचं माप घेत होतो. "ह्ये गेलं, भावजी," वहिनी म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि पुन्हा टेप धरला. सख्ख्या आत्याचा मुलगा, पण त्याच्याशी बोलणं मी केव्हाच सोडलं होतं.

लाकडी घरांचं वेड त्याचंच. फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून, दाबून जाडजूड पॅनेलं करायची, शेडमध्येच दारं-खिडक्या आणि वायरिंगसकट खोली उभी करायची आणि ट्रेलरवरून नेऊन क्रेननं जागेवर ठेवायची. पुरात घर गेलेल्या गरिबाला पुढच्या पावसाआधी छप्पर मिळालं पाहिजे, हा त्याचा ध्यास. त्याच्या शब्दावर मी पुण्याची नोकरी सोडली आणि मिरजेला शेड घातली. गोंदाच्या वासातच आम्ही डबे खायचो. लोकांना आगीची भीती वाटायची, म्हणून दादा सगळ्यांसमोर पॅनेल जाळायचा, वरचा कोळसा तासून आतलं पिवळंधमक लाकूड दाखवायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघत राहावा असा असायचा...

कृष्णाकाठच्या एका गावाची घरं आम्हाला मिळाल्यातच जमा होती. शेवटच्या गावसभेत एक म्हातारी उठली. "आवं, तुमी सोता ऱ्हाशीला का ह्यात?" मी निर्धास्त होतो. हा प्रश्न आला की दादा खुलायचा. त्या दिवशी मात्र त्यानं मान खाली घालूनच उत्तर दिलं.

"खरं सांगू, आजी? न्हाई ऱ्हायचो. शिमिटाचं घर ते शिमिटाचं."

सभा तिथंच मोडली. काम गेलं ते काँक्रीटच्या एका ठेकेदाराकडं, आणि पुढच्याच लग्नसराईत तो ठेकेदार दादाचा व्याही झाला. सुतारांना घरी पाठवायची वेळ माझ्यावर आली. मी त्या व्याह्याच्या साइटवर जाऊन दादाला गाठलं, आधी मला का नाही सांगितलंस म्हणून विचारलं. "तू ऐकलं नसतंस," एवढंच म्हणून तो मजुरांकडं वळला.

तेराव्यालाही मी गेलो नाही. गेल्या आठवड्यात तासगावकडं काम निघालं, म्हणून त्याच्या घरी डोकावलो. वहिनी मला परसात घेऊन गेल्या. तिथं आमची पहिली खोली उभी होती, नमुन्याची. ती मोडून विकली, असं त्यानं मला सांगितलं होतं. आत खाट, चष्मा, पाण्याचा तांब्या.

"घरात ह्यास्नी झोपच लागायची न्हाई," वहिनी म्हणाल्या. "उन्हाळा असू दे, पाऊस असू दे, हितंच निजायचे."

त्याला लाकडाचा भरवसा वाटत नसता, तर मी कधीतरी त्याला माफ केलं असतं... उशामागच्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग होता. मी हात फिरवला. कुठं फुगवटा नाही, तडा नाही.

हवी तर घेऊन जा ही खोली, असं वहिनी म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि बाहेर येऊन दार ओढलं. इतक्या पावसाळ्यांनंतरही ते चौकटीत अलगद बसलं.