काकूंचं इन्सुलिन

मुलीच्या शिक्षणासाठी बायको नागपूरला राहायला गेली आणि प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये मी एकटा उरलो. जेवण प्लांटच्या कॅन्टीनमध्येच व्हायचं. फ्रिजमध्ये दुधाची थैली आणि पाण्याच्या बाटल्या, एवढंच.

मे महिन्यात एक दिवस वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. रेल्वेतून रिटायर झालेल्या, त्याही एकट्याच.

"माहा फ्रिज बंद पडला बाबू. मिस्त्री म्हणते कॉम्प्रेसर गेला. इन्सुलिन ठेवू का तुह्याकडे?"

त्यांना ते सकाळ-संध्याकाळ लागायचं आणि माझ्या ड्युटीचा काही नेम नसायचा, म्हणून मी घराची एक किल्लीच त्यांना देऊन टाकली. इन्सुलिनची बाटली मी सगळ्यात वरच्या कप्प्यात, अगदी मागे ठेवली आणि नॉब शेवटच्या आकड्यावर फिरवला. जितकं गार तितकं चांगलं, असं मला वाटलं.

सकाळी काकूंनी बाटली उजेडाकडे धरली. आत बर्फ झाला होता.

"आता हे कामाचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं.

मी लगेच मार्केटमधून नवी बाटली आणली आणि येताना एक थर्मामीटरही. दोन ते आठ डिग्री पाहिजे, असं दुकानदार म्हणाला होता. माझ्या फ्रिजमध्ये एकच दार, बर्फाचा खण वर. त्याखालची मागची बाजू गोठायची आणि दारातल्या खणात दार उघडलं की पारा चढायचा. नॉब मधल्या आकड्यावर आणला आणि सुट्टीचा अख्खा दिवस मी पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून तो इकडून तिकडे सरकवत राहिलो. मधला कप्पा, पुढची बाजू: पाच डिग्री. दाराचं रबरही सैल झालं होतं, मध्ये धरलेला कागद सहज निघून यायचा. तेही बदललं. मोटर कमी वेळ चालायला लागली. बऱ्याच दिवसांनी घरात मला काही काम होतं.

मग ड्युटीवरून आलो की फ्रिजमध्ये एखादा डबा दिसायचा. कधी झुणका, कधी पन्हं. मी घरी असलो तर काकू पाच मिनिटं बसायच्या.

"पोरीचा फोन आलता का?"

"आला होता."

"मंग असा चूप काऊन बसला?"

मी उठून त्यांचा डबा धुवायला घ्यायचो. ड्युटी संपल्यावर चहाच्या टपरीवर रेंगाळणं मी सोडून दिलं होतं.

जूनमध्ये त्यांच्या रायपूरच्या मुलाने नवा फ्रिज पाठवला. काकू बाटल्या घेऊन गेल्या, किल्ली टेबलावर ठेवली. राहू द्या तुमच्याकडेच, असं मी म्हणालो.

"आता कायले?" त्या हसून म्हणाल्या.

रविवारी त्यांनी फ्रिज बघायला बोलावलं. चांगला होता, आवाजसुद्धा येत नव्हता. इन्सुलिन कुठे ठेवायचं ते मी थर्मामीटर लावून दाखवलं आणि थर्मामीटर तिथेच सोडला. चहा झाला. आणखी बसायला काही कारण नव्हतं, म्हणून मी खाली आलो.